मस्केगमधला हिरवा पट्टा

आज माझा गुरुवारचा उपास. दत्तगुरूंपुढे समई लावून बसलेय, खोटं लिहिणार नाही. माझ्या भाच्याच्या, नंदनच्या बाबतीत हे खरंच घडलंय. गेल्या ऑगस्टमधली दुपार... कॅनडातल्या मॅनिटोबाचं पार उत्तर टोक.

नंदनचं काम नव्या रस्त्याच्या नकाशाचं. तिकडच्या जमिनीला मस्केग म्हणतात. वर मऊ शेवाळ, खाली माणूस गिळेल असा गाळ. त्यात सळई खुपसायची आणि जमीन किती जोर धरते ते मोजायचं. गाडी जाईल तिथे हिरवा रंग, जाणार नाही तिथे लाल.

जूनमध्ये एका पट्ट्याला नंदनने लाल दिला होता. त्याच्या साहेबाने, विक्रमने, तो हिरवा करून टाकला. आणि त्यांचा ड्रायव्हर, वसईचा नॉर्बर्ट, गाडीसकट आत गेला.

गाडी ओढून काढली.

नॉर्बर्ट... नाही निघाला.

दोन महिन्यांत विक्रमने नंदनला तिथेच परत धाडलं.

"विक्रमदादा, अहो, तिथे माणूस आहे अजून."

"मग काय रस्ता थांबवू? रीडिंग घे, सही कर. तुला इथे कायम राहायला लागणारं पीआरचं लेटर मीच देणार आहे, विसरू नकोस."

पायलट हेलिकॉप्टरपाशी थांबला. नंदन एकटाच पट्ट्यावर गेला. कानाशी डासांची गुणगुण चालू होती...

एकदम थांबली.

त्याने सळई खुपसली. कोपरभर गेली आणि...

टक्.

जूनमध्ये इथेच अख्खी सळई बुडाली होती! तो सरकला. पुन्हा खुपसली.

टक्.

दगड म्हणावा, तर दगड दबत नाही. हे जरासं दबत होतं... आणि परत वर येत होतं. पाठीवरचं ओझं सावरून घ्यावं तसं.

"नॉर्बर्ट?" तो हळूच म्हणाला.

हातातली सळई कुणीतरी खालून... वर ढकलली.

नंदन पळत सुटला. नकाशावर त्याने लालच रंग दिला.

"सळईचं रीडिंग हिरवं सांगतंय आणि तू लाल देतोस? डोकं फिरलंय का तुझं?" विक्रम ओरडला.

नंदनने सही केली नाही. नोकरी गेली, तिच्यामागे पीआरही गेला. आता ठाण्याला आईकडे बसून असतो. सही दुसऱ्याने केली.

मी रोज एक माळ त्या पट्ट्यावरून जाणाऱ्या ड्रायव्हरांसाठी ओढायचे. पण एकही गाडी बुडाली नाही. भरलेल्या गाड्या सुखरूप पार होतात. विक्रमला बढती मिळाली.

ड्रायव्हर एवढंच सांगतात, त्या पट्ट्यावर गाडी मध्येच जराशी... उचलल्यासारखी होते.

आता ती माळ मी नॉर्बर्टसाठी ओढते.

तो दमला तर?