म्फाफेनीचं काटेरी झाड

दुपारी बरोबर सव्वाचार वाजता म्फाफेनी गावाशी टॅक्सी पंक्चर झाली.

थोबेकिले उतरली. पाठीवर शालीत बांधलेला मेलुसी, सहा महिन्यांचा. हातात उम्फाफाच्या झाडाची काटेरी फांदी. त्या फांदीवर तिचा नवरा होता, सिबोनेलो. जिथं अपघातात तो गेला, तिथून त्याच्या जिवाला हाक मारून, फांदीवर घेऊन ते घरी निघाले होते. फांदी धरणाऱ्यानं घर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, फांदी भुईला टेकू द्यायची नाही. नाहीतर गेलेला माणूस वाटेतच राहतो.

बोलायचं सगळं सिबोनेलोच्या आत्यानं. फांदीसाठी वेगळी सीटही तिनंच घेतलेली.

"आत्या, तुमचा भाचा माझी सीट फाडणार," ड्रायव्हर म्हणाला.

"जिवंतपणी तरी कुठं धड बसायचा? तू चाक बघ."

धुकं खाली उतरत होतं. जळक्या गवताचा वास येत होता. रस्त्याकडेला एकच म्हातारं काटेरी झाड.

"इथं आधी गाव नव्हतं," आत्या हळू आवाजात म्हणाली. "एक बाई अशीच फांदी घेऊन पायी चालली होती. इथं तिला वाटलं, पाठीवरचं बाळ पडलं. ती ओरडली. फांदी हातातून सुटली अन् इथंच रुजली. नवरा इथंच अडकला, मग ती तरी कुठं जाणार? पुढं झाडाभोवती घरं झाली. गावाला नाव झाडाचंच पडलं."

अन् बाळ? थोबेकिलेला विचारायचं होतं. पण ओठ मिटलेले.

आत्या चाकाकडे गेली. तेवढ्यात मागून, अगदी कानाशी...

"सूनबाई... तुझं बाळ कुठंय गं?"

तिनं वळून पाहिलं नाही. पाठ मात्र एकदम हलकी झाली. नुसती शालच बांधल्यासारखी. मेलुसीचं नाव घशापर्यंत आलं. आता हाक मारली तर सिबोनेलोला आपलं घर कधीच दिसणार नाही...

तिनं रक्त येईतो ओठ चावला. मोकळा हात मागं नेऊन शालीत घातला. इवलंसं पाऊल हाताला लागलं. गार होतं, पण होतं. टॅक्सीचा हॉर्न वाजेपर्यंत ती ते घट्ट धरून उभी राहिली.

दिवेलागणीला घर आलं. झोपडीत आतल्या बाजूला, पूर्वजांच्या जागेवर तिनं फांदी ठेवली.

"आलास बाबा घरी," ती म्हणाली, आणि मग मोकळेपणी रडली.

नंतर शाल सोडली. मेलुसी शांत झोपला होता, ऊबदार. दोन्ही पायांत आत्यानं विणलेले लोकरी मोजे. मोज्यांच्या नाड्यांना सकाळी मारलेल्या दुहेरी गाठी तशाच होत्या.

थोबेकिले आपल्या हाताकडे बघत राहिली. हाताला लागलेलं पाऊल उघडं होतं.

म्हणून सांगते, म्फाफेनीवरून कुणी लेकुरवाळी फांदी घेऊन निघाली असेल, तर तिच्या कानावर एवढं घाला. बाळ पाठीवर नको. पोटाशी बांध म्हणावं, डोळ्यांसमोर.