बगळोबांचा चष्मा

लिफ्टच्या आरशासमोर मी गाल फुगवून, नाकपुड्या फेंदारून, डोळे गरागरा फिरवत उभी होते... आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं.

बाहेर एक उंच माणूस. एका हातात कॉफी, दुसऱ्यात लॅपटॉप. तो आत आला, मनगटानं चष्मा नाकावर वर सरकवला आणि शांतपणे म्हणाला, "माझ्यावर रागावलात, की आधीपासूनच रागात होतात?"

मेले! आता याला काय सांगू? की आम्हा कार्टूनवाल्यांना राग आधी स्वतःच्या तोंडावर आणावा लागतो, मग तो कागदावर उतरतो?

"मी हिप्पो आहे," मी म्हटलं.

"वाटलंच मला," तो म्हणाला. मेला हसला नाही, पण डोळे हसत होते.

तो आमच्या सिनेमाचा नवा संकलक निघाला. स्टुडिओत सगळे त्याला 'कात्री' म्हणायला लागले, अर्थात त्याच्या पाठीमागे. मी तोंडावरच म्हणायचे.

आमची मालिका टीव्हीवर कित्येक वर्षं चाललीय. घरमालकीण हिप्पोबाई आणि त्यांचे भाडेकरू बगळोबा. दर भागात बाई ओरडतात, "आत्ताच्या आत्ता खोली रिकामी करा!" मग कपाट कोसळतं, नळ फुटतो, हसून हसून लोकांची मुरकुंडी वळते आणि बगळोबा तिथेच राहतात. पुढच्या भागात पुन्हा पहिल्यापासून तेच. सिनेमात मात्र हे भागणार नव्हतं. मालिकेचे जन्मदाते आणि सिनेमाचे दिग्दर्शक, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, त्यांनी ठरवलं की या वेळी बगळोबा खरंच बॅग भरतील. दारापर्यंत जातील. आणि हिप्पोबाई त्यांना थांबवतील.

"काय बोलून थांबवतील?" मी विचारलं.

"ते तू शोध," काका म्हणाले. "शेवटचा सीन तुझा. चित्रंही तुझी, वाक्यही तुझं. नाही जमलं तर निर्माते कपाट पाडा म्हणून बसलेच आहेत."

इतकी वर्षं मी कपाटंच पाडत आले होते. हा सीन मला हवा होता. अगदी जीव टाकून हवा होता.

मी चित्रं काढायची आणि कात्रीनं ती एकामागोमाग लावून कच्चा सिनेमा जुळवायचा, असं काम सुरू झालं. खिडकीतून दुपारचं ऊन त्याच्या टेबलावर यायचं आणि आमची भांडणं रंगायची.

"ही शिंक कापतोय."

"हात तर लावून बघा! हिप्पोबाईंची शिंक ही माझी सगळ्यात लाडकी आहे."

"लाडकी असेल, पण सीनचा जीव घेतेय." मनगटानं चष्मा वर. "टीव्हीसमोरचा माणूस उठून जाईल म्हणून तुम्ही सारखं काहीतरी पाडता, फोडता. थिएटरात बसलेला कुठे जाणार आहे? त्याला जरा गप्प बसू द्या की."

"गप्प बसलं की भीती वाटते मला."

"हो?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ... "माझ्यासमोर तर तुम्ही कधीच गप्प बसत नाही."

मी लगेच दुसऱ्या शिंकेवरून भांडण उकरून काढलं.

घरी ताई एकदा जेवताना म्हणाली, "रोज त्या कात्रीच्या तक्रारी सांगतेस. तक्रार सांगताना इतकं हसतं का गं कुणी?"

"खारट झालीय आमटी," मी म्हटलं. ती मुळीच खारट नव्हती.

शुक्रवारी छोट्या थिएटरात कच्चा सिनेमा दाखवायचा ठरला. शेवटचा सीन आला. बगळोबा बॅग घेऊन दाराशी थांबले, वळले आणि त्यांनी पंखाच्या कडेनं चोचीवरून काहीतरी वर सरकवलं. पुढच्या चित्रात पुन्हा. त्याच्या पुढच्यातही.

अंधारात कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी दिवे लावले.

"बगळोबांना चष्मा कधी लागला गं?"

सगळ्या माना आधी माझ्याकडे वळल्या, मग शेवटच्या रांगेत मनगट चष्म्याला लावून बसलेल्या माणसाकडे. नुसता हशा! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. इतकी वर्षं मी डोळे मिटून काढत आले तो पक्षी, आणि माझ्या हाताला कळलंसुद्धा नाही की तो कुणाला काढतोय!

"चष्म्याचं सोडा," काका हसू दाबत म्हणाले. "बाई काय बोलतात? आवाजाची जागा रिकामीच आहे. सोमवारी वाक्य नसेल, तर कपाट पाडतोय मी."

सगळे गेले. मी खुर्चीत तशीच. तो येऊन एक खुर्ची सोडून बसला.

"मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं," तो म्हणाला. "एकेक चित्र बघतो मी."

"मग कापलं का नाहीत?"

"नको असेल ते कापतो मी." मग हळूच म्हणाला, "हे... हवं होतं."

मी एखादा विनोद शोधला, सापडेना.

"पुढच्या महिन्यात माझं काम संपतंय," तो म्हणाला. "दुसऱ्या शहरात एक सिनेमा आहे. अजून हो म्हटलेलं नाही."

"म्हणूच नका!" माझा आवाज चढला. "इतकी सवय लावून ठेवलीत, आणि आता चाललात? तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी?"

तो एकदम सरळ होऊन बसला. "हेच."

"काय हेच?"

"हिप्पोबाईंचं वाक्य."

मी मनातल्या मनात ते पुन्हा म्हणून पाहिलं. इतकी वर्षं जा, जा म्हणून ओरडणारी बाई दाराशी याखेरीज दुसरं काय बोलणार? वाक्य मिळालं होतं! मी पेन्सिलीसाठी धडपडले, तर त्यानं माझा हात धरला. बोटं थंडगार होती त्याची. तोही घाबरला होता.

"ते बगळोबांसाठी ठेवा," तो म्हणाला. "मला दुसरं काहीतरी सांग."

सांग. तुम्ही नाही, तू. मला उगाचच रडू यायला लागलं.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "खूप. लिहून ठेव हवं तर."

त्याचे कान लालेलाल झाले. पडद्याकडे बघत तो पुटपुटला, "नीट ऐकू नाही आलं."

लबाड! स्वच्छ ऐकू आलं होतं त्याला. मी मधल्या खुर्चीत सरकले आणि पुन्हा सांगितलं.