पट्ट्याखालचा लाल ठिपका

"मामा, हे आंबट लागतंय," शेपूट म्हणाला.

खारने वळून पाहिलं. तिच्या धाकट्या भावाच्या डोक्यावर एक गंजलेलं लष्करी हेल्मेट होतं आणि त्याचा लोंबता पट्टा त्याने तोंडात धरला होता.

"थुंक आधी. कित्येक वर्षं मातीत पडलं होतं ते."

"मग मातीसारखं लागलं असतं," शेपूट म्हणाला. माती खाण्याचा त्याला दांडगा अनुभव होता, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

सुट्टीत मामाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात तिघं मदतीला होती. झाडावर सरसर चढणारी म्हणून खार, सतत तिच्या मागे म्हणून शेपूट आणि मामाचा मुलगा प्रोफेसर. प्रोफेसरने हेल्मेट नाकाशी धरलं.

"व्हिनेगर. शाळेत आम्ही प्रयोगासाठी खिळे गंजवले होते, तेव्हा वर्गात हाच वास होता. बाबा, हे कुठलं आहे?"

मामा चिठ्ठी चिकटवत होता : 'डोंगरावरच्या लढाईतलं शिरस्त्राण. जागेवर सापडलेलं.'

"वाच की. टेम्पोवाला आणतो."

"आणि तो कुठून आणतो?"

"अरे, लोक आवडीने घेतात. नसत्या चौकशा कशाला?"

खारला मास्तरआजोबा आठवले. गेल्याच आठवड्यात मामाने विकलेलं असंच एक हेल्मेट तिने स्वतः त्यांच्या घरी पोचवलं होतं. त्यांचा थोरला भाऊ त्याच लढाईत गेला होता. घरी बातमी आली, तो आला नाही. मास्तरआजोबांनी हेल्मेट दोन्ही हातांनी घेतलं आणि खिडकीजवळच्या रिकाम्या पलंगावर, उशीवर ठेवलं. "त्याचंच असेल असं नाही गं," ते म्हणाले होते. "पण त्याच्या शेजारी लढलेल्या कुणाचं तरी असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेपटाने टेम्पोवाल्याच्या गॅरेजच्या भिंतीवरून मुद्दाम बॉल आत टाकला आणि तो शोधायला तिघं मागच्या अंगणात शिरली. टेम्पोवाला आत जेवत होता. अंगणात व्हिनेगरने भरलेलं पिंप होतं. शेजारी नव्या कोऱ्या हेल्मेटांचा ढीग होता आणि प्रत्येकाला एकाच जागी भोक पाडलेलं होतं.

"गोळ्या इतक्या शिस्तीत लागत नाहीत," प्रोफेसर पुटपुटला.

खारने खिशातून मामीचं लाल नेलपॉलिश काढलं. वरच्या हेल्मेटचा पट्टा उचलून तिने आतल्या पत्र्यावर ठिपका लावला आणि फुंकर मारली.

"काय चाललंय रे तिकडे?"

"बॉल हरवला, काका," शेपटाने रडवेला चेहरा केला. टेम्पोवाल्याने स्वतःच पिंपामागून बॉल काढून दिला. "घ्या आणि पळा."

त्याच आठवड्यात तो दुकानात आला. "आजच आलंय डोंगरावरून," तो हेल्मेट काउंटरवर ठेवत म्हणाला. "माती पण झाडली नाही अजून."

खारने पट्टा चाचपला.

"मामा, हा ठिपका मी लावलाय. याच्या गॅरेजमध्ये. तेव्हा हे आरशासारखं चकाकत होतं."

मामाने नखाने ठिपका खरवडला. भोवती सगळा गंज होता, ठिपक्याखाली मात्र लख्ख पत्रा निघाला. मामाचा चेहरा उतरला. टेम्पोवाला दाराकडे सरकला, पण दारात मामी उभी होती. प्रोफेसरने तिला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं, आणि टेम्पोवाला आल्या आल्या तिने पोलिसांना फोन केला होता.

पोलीस त्याला घेऊन गेले, तरी मामा काउंटरमागेच बसून होता.

"मास्तरांचे पैसे मी परत करतो," तो शेवटी म्हणाला. "हेल्मेट संग्रहालयाला हवंय असं काहीतरी सांगू. म्हाताऱ्या जिवाला कशाला दुखवायचं?"

"नको, मामा," खार म्हणाली. "ते मी नेऊन दिलं होतं. खरं काय ते मीच सांगते. तू फक्त बरोबर ये."

मास्तरआजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग उठून ते पलंगाशी गेले आणि त्यांनी हेल्मेट उचलून बाजूला ठेवलं. उशीवर हेल्मेटचा खळगा पडला होता.

"म्हणजे तिथून अजून कुणीच आलेलं नाही," ते म्हणाले.

खारला रडू फुटलं. "मला माहीत नव्हतं, आजोबा."

"तुला माहीत नव्हतं. पण कळल्यावर सांगायला आलीस. याला धीर लागतो, पोरी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग प्रोफेसरच्या पाठीवर, आणि वाकून शेपटाच्या गालावर. "आठवडाभर मी या लोखंडाशी बोलत होतो. लहानपणच्या गोष्टी सांगत होतो. अजून कितीतरी राहिल्यात."

मामा इतका वेळ उंबऱ्यापाशीच घुटमळत होता. आता तो आत आला आणि जमिनीवर मांडी घालून बसला.

"मास्तर," त्याने खालच्या आवाजात विचारलं, "कसे होते तुमचे दादा?"

मास्तरआजोबांनी उशी झटकून जागेवर ठेवली, पलंगाच्या कडेला बसले आणि सांगायला लागले.