वरचा आकडा

पहिल्या भेटीत त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कँटीनमध्ये पातेलं ढवळता ढवळता तो चक्कर येऊन पडला आणि दोघांनी उचलून त्याला कारखान्याच्या दवाखान्यात आणलं. नर्सने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, प्रेशरचा आकडा पाहिला आणि तिचेच डोळे पांढरे झाले.

"मीठ किती खाता?"

"खात नाही हो, चाखतो," आचारी म्हणाला. "प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर."

"आणि पातेली किती?"

तो बोटं मोजायला लागला... तिला हसू फुटलं.

गोळ्या सुरू झाल्या. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, मग हृदयाला उगाच जास्त जोर लावावा लागतो, हे ती दर आठवड्याला सांगायची आणि तो नव्याने ऐकायचा. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तो मात्र नुसतं 'अहो' म्हणायचा.

"अहो, नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. मग आवडतीने अळणी खायला सांगितलं तर—"

"बोलू नका. आकडा चुकतो."

खालचा आकडा उतरला, पण वरचा मात्र हट्टी, जरा चढाच राहायचा. तिने लोणचं बंद केलं, खारे दाणे बंद केले, चाखलेलं थुंकायला लावलं. त्यानेही निमूट ऐकलं. शेवटी त्याची जीभ इतकी हळवी झाली की चिमूटभर मीठही त्याला खारट लागायचं. कँटीनचं जेवण मिळमिळीत झालं, कामगारांनी ताटं आपटली, त्याची नोकरी गेली. दूरच्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराला मात्र अशीच जीभ हवी होती.

निघताना तो प्रेशर मोजायला आला. ती कुणाचं तरी बोट बांधत होती, म्हणून मोठ्या सिस्टरांनी मोजलं.

"नॉर्मल! तू रजेवर असायचीस तेव्हाही नॉर्मलच यायचं की गं याचं."

तिच्या हातातली पट्टी सुटली.

"मला... का नाही सांगितलं?" तिने त्याला विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही मोजणं सोडलं असतं."

तिने त्याचं मनगट धरलं. नाडी धावत होती. ती समोर असली की चढायचा तो आकडा! तोही तिला आवडत होता, कधीपासूनच... आणि ती बसली होती मीठ शोधत! तिला स्वतःचा भयंकर राग आला. थांबा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण कँटीनमध्ये नवा आचारी कालच रुजू झाला होता.

"गोळ्या वेळेवर घ्या," ती कशीबशी म्हणाली. "तिथे कुणी मोजेल ना?"

"मोजतील की." त्याने हळूच हात सोडवून घेतला. "नॉर्मलच येईल, अहो... रोज."