रिबेकाबाईंच्या चौकटीवरची बोटं

लाईट येईस्तोवर ऐका. आमच्या कमरीपेठेतला सुमंत सुतार उगाच थापा मारणारा माणूस नव्हे.

चोवीस जुलै दोन हजार चोवीस, बुधवार. रात्री अकरा वीसला तो पेचकस घेऊन गोकुळ रोडमागच्या रिबेकाबाईंच्या घरी पोचला. बाई बेने इस्राएल, म्हणजे घरात आपल्यासारखंच मराठी बोलणारे यहुदी. महिन्यापूर्वी वारल्या होत्या. त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक पितळी नळी होती, आत हिब्रूत लिहिलेलं चामड्याचं पान. येता-जाता त्या नळीला बोटं लावून ओठांना टेकवत. एका दसऱ्याला सुमंतनं भक्तिभावानं तिला हळदकुंकू वाहिलं, तर बाई कडाडल्या, "बेडा, नको, सुमंत. देव नव्हे हा, अक्षरं आहेत. अक्षरांना वाचणारा लागतो, कुंकू नाही."

साठीनंतर त्या हिब्रू शिकल्या, कारण परदेशातल्या नातीला तेवढीच भाषा येई. नळीतल्या पानावरचाच मजकूर रोज मोठ्यानं वाचत. एका ठरल्या शब्दाशी अडखळत आणि हट्टानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. जाताना सुमंतला म्हणाल्या, "नळी नातीच्या हातात दे."

नात येणार शुक्रवारी. घर विकत घेतलेला भीमराव गुरुवारी सकाळीच चौकट पाडणार होता.

"आवारात पाय टाकलास तर पोलिसांत देईन," तो म्हणाला होता.

"खुशाल द्या की," सुमंत म्हणाला.

दाराला कुलूप होतं. नळीचे स्क्रू जुन्या रंगात घट्ट बसलेले, हलेनात. तेवढ्यात आतून आवाज आला. वाचण्याचा. बाईंचा.

त्या शब्दाशी थांबला...

पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा थांबला...

सुमंतला पळावंसं वाटलं. मग त्याला संतापच आला, भीमरावाचा आणि मरणाचाही. दाराला तोंड लावून तो म्हणाला, "अक्का, मी हलत नाही. तुम्हीही हार मानू नका. वाचा पुढं."

त्यानं पुन्हा पेचकस लावला.

तो शब्द आला. पुढचा आला. शेवटपर्यंत.

स्क्रू लोण्यातून निघावेत तसे निघाले.

शुक्रवारी नातीनं ते पान उलगडून वाचलं आणि ती ढसाढसा रडली. तिथं आता भीमरावाचं टाइल्सचं दुकान आहे. चौकट नवी, रंग नवा. चारदा दिलाय त्यानं. तरी रोज सकाळी खांद्याच्या उंचीवर दोन बोटांएवढा रंग झिजलेला असतो. परवा मी स्वतः पाहिला.