अकराव्या क्रूसावरचा कोंबडा

धुकं इतकं दाट होतं, की चर्चची घंटा वाजवायला निघालेली मी चिंचेच्या बुंध्यावर आपटता आपटता वाचले. दार ढकललं... आणि जागीच थिजले. आत चिटपाखरूही नव्हतं, आणि शेवटचा बाक कुरकुरत हलत होता!

"कोण... कोण आहे?"

"मी हाय. पाय बसवतोय. बाकाचा. माझे दोन्ही शाबूत हायेत."

बाकाखालून आधी हातोडी आली, मग भुशाने माखलेलं डोकं, मग दोन हसरे डोळे. बाबांनी बाक दुरुस्तीला बोलावलेला सुतार तो हाच. चंद्रभान. नगरकडचा ख्रिस्ती, तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर कामाला.

"माझा जीव गेला असता म्हणजे?"

"परत बसवून दिला असता."

"जीव म्हणजे काय बाकाचा पाय आहे?"

"हळू ठोकलं, तर कायबी बसतंय बाई."

मला हसू आलं. त्याच्या नखांत ओली लाल माती होती, तेही दिसलं. पण हसताना माणूस मातीचा विचार करतो का?

बाबा, म्हणजे भगवंतमास्तर, पाम गावाजवळच्या मिशन शाळेत शिकवायचे आणि टेकाडावरचं हे चर्चही सांभाळायचे. चर्चमागे आमचं कबरस्तान. दोन वर्षांपूर्वी पावसाच्या झडीत तिथले अकरा लाकडी क्रूस एका रात्रीत नाहीसे झाले. त्यात माझ्या आईचाही होता. आणि आता, सदुसष्टच्या हिवाळ्यात, ते परत येऊ लागले होते. दर रविवारी पहाटे एक. लाकूड नवं, पण नाव, तारीख, जागा बिनचूक. कोणी आणताना दिसत नव्हतं.

"मेलेलीच उठून रोवतात गं सुलू," शेजारच्या रत्नाबाई कुजबुजायच्या. "जित्या माणसाला एवढी नावं कशी ठावं? तू नको जाऊ तिकडं."

मी जायचेच. चंद्रभान भेटला त्या रविवारी आठवा आला होता. नववा आला, दहावा आला... आणि मग थांबले. तीन रविवार आईच्या कबरीवर नुसतं धुकं. मला भीती वाटत होती, आणि क्रूस यावा असंही वाटत होतं. तो आला नाही, तर आईची जागा उद्या कोण ओळखणार?

चंद्रभान मात्र येत राहिला. बाक संपले तर खिडक्या, खिडक्या संपल्या तर शाळेची फळी. मी चहा दिला की कप परत देताना त्याची बोटं जरा रेंगाळायची, आणि मी उगाच पदर सावरायचे. त्याच्या दोन गोष्टी मात्र मला कळेनात. प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक फिरू लागलं, की तो शेवटच्या बाकावरून उठून बाहेर जायचा. आणि एकदा मी गरम भाकरी पुढे केली, तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"नगरचा माणूस, आणि भाकरी नको?"

"गिळत नाय," एवढंच म्हणाला.

चौथ्या रविवारी पहाटे मी झाडू घेऊन कबरस्तानात शिरले... आणि थबकले. आईच्या उशाशी क्रूस उभा होता. हात लावला. लाकूड कोमट होतं, आत्ता कुणाच्या पाठीवरून उतरल्यासारखं. मागच्या बाजूने बोटं फिरवली, आणि अंगावर सर्रकन काटा आला.

मागे कोंबडा कोरलेला होता. वाकड्या शेपटीचा, एका पायाचा. आठ वर्षांची असताना जुन्या क्रूसाच्या मागे खिळ्याने मी तो काढला होता. बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

"आई...?" माझ्या तोंडून निघालं.

"आई नाय. मी हाय," धुक्यातून आवाज आला.

चंद्रभान गुडघ्यांवर बसला होता. नखांत तीच लाल माती.

"झडीत सरपण भिजलं होतं. आमच्या मजुरांच्या टोळीतल्यांनी क्रूस उपटून आणले, कंदील माझ्या हातात होता. तेल प्यालेलं सागवान, वलं असलं तरी जळतंय. मुकादम म्हणाला, तू त्यांच्यातला हायेस का रे? मी म्हटलं, नाय. त्यानं पुन्हा इचारलं. तिसऱ्यांदा इचारलं. लोक हसतील म्हणून तीनदा नाय म्हटलं... आन कुऱ्हाड मीच घेतली. नाव-तारीख वाचायची, फोडायचं. अकराच्या अकरा नावं जागेसकट डोक्यात बसली. शेवटचा निम्मा फोडला, उलटा केला... तर मागं कोंबडा."

येशूचा शिष्य पेत्र याने प्रभूला तीनदा नाकारलं आणि लगेच कोंबडा आरवला, ही गोष्ट आमच्यात लहान पोरांनाही पाठ असते.

"त्या जाळावरची भाकरी पानात आली," तो म्हणाला. "तवापासून गिळत नाय."

"माझ्या आईचा क्रूस जाळलास! आणि हे पोटात ठेवून माझ्याशी हसत होतास?" मी त्याला जोरात ढकललं. पहिल्यांदाच मी त्याला 'तू' म्हणत होते.

"अकरा पुरे झाले की सांगणार होतो. मग तुमी भेटलात. हा रोवला की सांगावं लागणार, मग तुमी दुरावणार... म्हणून तीन आठवडे दडवून ठेवला."

मी रडत होते. रागाने की कशाने, देव जाणे. डोळे पुसत मी म्हणाले, "आईला रोज आमचा लाल कोंबडा उठवायचा. जगाच्या शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठतील, आणि ती एकटीच झोपून राहील, अशी मला भीती होती. म्हणून काढला होता. आईला उठवायला काढला रे... तुला उठवून गेला."

तो ओंजळीत तोंड लपवून रडला.

"आता बाबांना सांग. सगळ्यांसमोर."

त्याने चर्चमध्ये, शेवटच्या बाकाशी उभं राहून सांगितलं.  बाबा त्या बाकापाशी गेले आणि त्याच्याशेजारी बसले. त्या दिवशी पालघरहून उपासना चालवायला पाळकसाहेब आले होते. प्रभुभोजनाचं तबक आलं तेव्हा चंद्रभान उठला नाही. त्याने भाकरीचा तुकडा घेतला.

दुपारी आमच्याकडे तो जेवायला बसला. मी पहिली भाकरी वाढली.

"क्रूसांना दरवर्षी तेल पाजशील?"

"हो."

दुसरी वाढली. "बांधकाम संपलं, तरी इथेच राहशील?"

"हो."

तिसरी हातात धरून मी अडले. बाबांनी पाणी पिण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

"आणि... माझ्याजवळ?"

"हो," तो म्हणाला, आणि माझ्या हातातून भाकरी घेतली.