शनिवारचं तेल

ही गोष्ट खरी आहे.

समाधान माझा मावसभाऊ. त्याचा उजवा पाय मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. ज्याला हे खोटं वाटेल त्याने जळगावला यावं. मेहरूणमध्ये त्याच्या अंगणात ती अँबेसिडर अजून उभी आहे. येताना फक्त पोटभर जेवून येऊ नये.

वार शनिवार. अकरा जानेवारी, दोन हजार पंचवीस. वेळ दिवेलागणीची. जागा म्हणजे एरंडोलच्या अलीकडे एका गावाच्या शिवेवरचं शनीचं देऊळ. गावाचं नाव सांगणार नाही, कारण गावाचा काही दोष नाही.

दोष सगळा हौसेचा.

समाधानकडे त्याच्या वडिलांची चौऱ्याण्णव सालची डिझेल अँबेसिडर आहे. असल्या जुन्या डिझेल गाड्या पाळणारे जळगावात पंधरा-वीस जण निघतील. त्यांचा एक ग्रुप आहे, नाव ‘धडधड’. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी सगळे मेहरूण तलावावर जमतात, बॉनेट उघडतात आणि मुलगी पाहायला आल्यासारखे एकमेकांच्या इंजिनात डोकावतात. त्यांची मोठी फुशारकी एकच. आमच्या गाडीत सेन्सर नाही. पंप साधा, इंजिन दणकट, कसलंही तेल ओता, गाडी पिते.

त्या हिवाळ्यात या फुशारकीची शर्यत झाली. एकाने करडईच्या तेलावर गाडी आणली. दुसऱ्याने भजीवाल्याच्या कढईतलं काळं तेल गाळून टाकलं आणि भुसावळपर्यंत रस्ताभर भज्यांचा वास सोडत गेला. लोकांनी त्याचं कौतुक केलं. 

ग्रुपमधला मगन वयाने मोठा, जुन्या डिझेल जीपचा मालक. जिभेला हाड नसलेला माणूस. तो समाधानला रोज टोचायचा. “समाधानभाऊनी गाडी म्हंजे नवी नवरी. पंपावरलंच पेस.”

समाधानला ते लागलं. बारा तारखेच्या रविवारी तलावावर भरीत पार्टी होती. त्या दिवशी कोणी आणलं नसेल असं काहीतरी टाकीत घालून जायचं, असं त्याने ठरवलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं. माझी मावशी, पुष्पाबाई. वर्षभर तिच्या उजव्या नडगीवर इसब होतं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी काळी, जाड, भेगाळलेली. भेगांतून पिवळं पाणी गळायचं. त्याला एक वास होता... आंबलेल्या पिठात गूळ पडावा तसा. आंबट आणि गोड. तो वास एकदा नाकात गेला की दिवसभर निघायचा नाही.

पट्टी बदलायचं काम समाधानचं. त्याची बायको ज्योती ‘मी करते’ म्हणाली होती, पण मावशीने मुलाकडूनच करून घेतलं. तो श्वास रोखून पट्टी सोडायचा. तोंड एका बाजूला वळवायचा. झाल्यावर साबणाने तीन-तीनदा हात धुवायचा.

एकदा मावशीने विचारलं, “तुले किळस येस का रे?”

“नाही गं आई.”

खोटं बोलला.  मावशीने पातळ खाली ओढून पाय झाकून घेतला.

डॉक्टरांचं मलम चालू होतंच. शिवाय कोणीतरी छायादान सुचवलं. लोखंडी वाटीत तिळाचं तेल घ्यायचं, त्यात आपलं तोंड पाहायचं आणि ते तेल शनीला द्यायचं. आपली पीडा तेलाबरोबर जाते म्हणतात. अकरा शनिवार करायचं होतं. समाधान दर शनिवारी तिला त्याच अँबेसिडरने न्यायचा. मावशी वाटीत तोंड पाहायची, मग पातळ वर करून वाटीला पायसुद्धा दाखवायची.

“दुखस ते दखाडाले नको का त्याले?” असं म्हणायची.

देवळात रुपचंद आबा असायचे, म्हातारे सेवेकरी. ते वाटी घेऊन तेल देवाला घालायचे.

आठव्या शनिवारी जखम सुकली. दहाव्या शनिवारी नवी गुलाबी कातडी आली. मलमाने की शनीने, ते देव जाणे. मावशी वर्षाने पहिल्यांदा न लंगडता चालली.

अकरा जानेवारीला अकरावा शनिवार होता.

मावशी शेवटची वाटी देऊन ओट्यावर बसली होती. समाधान सहज देवळामागे गेला. तिथे एक निळा ड्रम होता. देवाच्या अंगावरून ओघळलेलं सगळं तेल पन्हळीतून त्या ड्रममध्ये पडायचं.

त्याने झाकण उघडलं.

काळंभोर तेल. वर मेलेल्या माश्यांचा थर. उडीद फुगून बुळबुळीत झालेले. काळे दोरे, अर्धी लिंबं, गंजके खिळे. आणि एक वास... जुनाट, खवट, कुणाच्या तरी उशीच्या अभ्र्यासारखा.

दुसरा कोणी झाकण आपटून पळाला असता. या दीडशहाण्याच्या डोक्यात टाकी आली.

“ते तेल कोनी घर लई जात नई, भाऊ.”

मागे रुपचंद आबा उभे होते. समाधानने हसून त्यांना आपला बेत सांगितला.

“त्यामा लोकेसनी तोंड देखेल शे,” आबा म्हणाले. “मी अमावस्याले शिवबाहेर खड्डामा वती येस.”

“मग आबा, खड्ड्यात ओतलं काय आणि गाडीत ओतलं काय, फरक काय पडतो?”

आबांनी दिव्यासाठी वात वळायला घेतली.

“खड्डाले घर नई ऱ्हास, भाऊ.”

एवढं बोलून ते दिवा लावायला गेले. समाधानने डिकीतला वीस लिटरचा कॅन काढला आणि वरवरचं तेल भरून घेतलं. मावशीची वाटी दहा मिनिटांपूर्वीच त्यात रिकामी झाली होती. त्याच्या ते डोक्यातही आलं नाही.

घरी आल्यावर अंगणात त्याने ते गाळलं. गाळायला घेतलं आईचं जुनं सुती पातळ, ज्याच्या पट्ट्या फाडून वर्षभर जखमेला बांधल्या होत्या. फडक्यात सगळा गाळ राहिला आणि त्या गाळात एक लांब पांढरा केस होता. त्याने तो ओढला... केस संपेचना. हातभर निघाला, मग अजून हातभर. त्याला ओकारी आली.

तरी त्याने गाळणं थांबवलं नाही. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. मगनचा लगेच अंगठा आला.

अर्धं डिझेल, अर्धं तेल. टाकी भरली.

रविवारची सकाळ. सात वाजलेले, कडाक्याची थंडी. किल्ली अर्धी फिरवून त्याने इंजिन तापवणाऱ्या हीटरसाठी वीस आकडे मोजले. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. समाधान खूश.

आधी धुराला पुऱ्या तळल्याचा वास आला.

तलाव दोन किलोमीटरवर. निम्म्या वाटेत वास बदलला...

आंबट. गोड. आंबलेल्या पिठात गूळ.

त्याने गाडी बाजूला घेतली. आईची एखादी जुनी पट्टी राहिली असेल म्हणून सीटखाली हात घालून पाहिला. काही नव्हतं. काचा उघडल्या. वास गेला नाही, उलट वाढला.

मग पुढची काच धुरकट झाली. त्याला वाटलं, थंडीने वाफ धरली असेल. फडकं फिरवलं तर फडकं तेलकट झालं. तेल काचेच्या आतून होतं. पुसलं की पुन्हा यायचं.

त्या तवंगात त्याला आपलं तोंड अंधुक दिसलं. त्याने मान डावीकडे वळवली.

काचेतल्या तोंडाने वळवली नाही...

त्या तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. ते समाधानचं तोंड नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी काच पुसली आणि समोर न बघता, कडेच्या खिडकीतून रस्ता बघत तलाव गाठला.

तिथे पोचल्यावर मगन गाडीभोवती फिरला. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघून थबकला.

“मांगे काय भरेल शे रे? गाडी बठी गई.”

खरंच मागचे पाटे सपाट झाले होते. बंपर जमिनीला टेकायला आला होता. सगळ्यांनी मिळून डिकी उघडली. आत स्टेपनी आणि जॅक. मागची सीट रिकामी.

मगनला चेष्टा सुचली. तो दार उघडून मागच्या सीटवर बसला... आणि बसल्याबसल्या बाहेर आला. हात पँटला पुसत होता. पुन्हा पुन्हा पुसत होता.

“सीट वल्ली शे तुनी,” तो म्हणाला.

सीट कोरडी होती. सगळ्यांनी पाहिली. पण मगनने त्या दिवशी भरीत खाल्लं नाही, आणि भरीत सोडणारा तो माणूस नव्हे.

समाधानच्या ताटात भरीत आलं. वर बोटभर तेल. तो घास घ्यायला वाकला आणि त्या तेलात त्याला स्वतःचं तोंड स्पष्ट दिसलं. तेवढ्यावरच त्याला उलटी झाली. हात न धुता तो गाडीत बसून निघाला.

आता जे सांगतोय त्यासाठी या गाड्यांची एक गोष्ट माहीत हवी. त्याच्या गाडीची किल्ली काढली तरी इंजिन चालूच राहतं. डॅशबोर्डखाली एक नॉब असतो. तो हाताने बाहेर ओढून धरला की डिझेल तुटतं आणि इंजिन बंद पडतं. माणसाने ओढल्याशिवाय तो हलत नाही.

समाधानने गाडी अंगणात घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

नॉब हळूच बाहेर आला...

आपलं गाव आलं की एसटीतला माणूस घंटीची दोरी ओढतो, तसा.

इंजिन बंद पडलं. अंगणात शांतता. शेजारच्या कोंबड्याही गप्प.

मग मागचा पाटा वाजला. कर्र...

गाडी बोटभर वर उचलली गेली.

पुन्हा कर्र... अजून बोटभर.

कोणी उतरलं की पाटे असे वाजतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. दार एकही उघडलं नव्हतं. तो पुढे बघत बसून राहिला आणि मोजत गेला.

नऊ वेळा वाजला.

शेवटी गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर आली.

आवाज ऐकून मावशी पायरीवर आली होती. तिने नाक वर केलं. तो वास तिच्याइतका कोणाला ओळखता येणार. तिने घाईने पातळ वर करून आपली नडगी पाहिली. कोरडी होती, गुलाबी.

“काय टाकं रे गाडीमा?”

समाधानने सांगितलं. मावशी तिथेच पायरीवर बसली.

“अकरा शनिवार मी सोडी ऊनू,” ती म्हणाली. “आन् तू घर लई ऊना.”

त्याच दुपारी त्याने टाकी रिकामी केली, पाइप सोडून शेवटचा थेंबही काढला आणि मगनच्या जीपमधून कॅन देवळात नेला. रुपचंद आबांनी खड्डा उघडून तेल ओतलं. सगळं ओतून झाल्यावर त्याच्याकडे पाहिलं.

“तेल तं ऊनं,” आबा म्हणाले. “ज्या गाडीमाईन उतरनात, त्यासले कोन आनी?”

पाचव्या दिवशी समाधानच्या उजव्या नडगीला खाज सुटली.

महिनाभरात पाय आईचा होता तसा झाला. तीच काळी कातडी, त्याच भेगा, तेच पिवळं पाणी. तोच वास. डॉक्टर म्हणाले, डिझेल आणि घाण तेल अंगावर सांडलं की होतं असं. असेलही.

ज्योतीला त्याने जवळ येऊ दिलं नाही. पट्टी मावशी बदलते. मी गेलो तेव्हा बदलत होती. वासाने मी दारातच थांबलो, रुमाल नाकाला लावला. मावशीने मात्र तोंड वळवलं नाही. श्वास रोखला नाही. मांडीवर पाय घेऊन बोटाने भेगा पुसत होती.

समाधान खाली बघत म्हणाला, “आई, तुला किळस नाही येत?”

“येत नई रे,” मावशी म्हणाली. “मनाच शे ना तो पाय.”

आईने तो पाय आपलाच म्हटल्यावर समाधान लहान पोरासारखा रडला. मला तिथे उभं राहवेना.

निघताना त्याने मला गाडीजवळ नेलं. हळू आवाजात म्हणाला, “उतरले त्या नवांतली आई तर एकच ना रे.”

फेब्रुवारीपासून त्याच्या डाव्या कानातून पू येतो. आधी कधी कान दुखला नव्हता त्याचा. आणि हे बोलताना तो कसनुसा हसला, तेव्हा मी पाहिलं... त्याच्या तोंडाचा एक कोपरा वर गेलाच नाही. त्याला ते अजून कळलेलं नाही. मी सांगितलंही नाही.

ज्योतीने आग्रहाने जेवायला बसवलं. भरीत होतं. वर तेलाचा तवंग.

मी ताटाकडे न बघता घास घेतला. अजूनही कुठे तेल दिसलं की मी त्यात वाकून पाहत नाही.